सिव्हिलायझेशन ६ : पन्नासाव्या टर्नला दोनच शहरं? सुरुवातीची बिल्ड ऑर्डर कुठे अडते ते असं शोधा

सिव्हिलायझेशन ६ या टर्न-टर्नने खेळायच्या संगणक खेळाबद्दलची तक्रार दर वेळी सारखीच असते. राजधानी छान वाढली आहे, मॉन्युमेंट झालंय, ग्रॅनरी झाली आहे, एखादं वंडर (मोठं खास बांधकाम) अर्ध्यावर आलंय, आणि पन्नासाव्या टर्नला एकूण शहरं किती, तर दोन. शेजारच्या एआयकडे (संगणक खेळवतो त्या खेळाडूकडे) पाच-सहा. नदीकाठची जी जागा हेरून ठेवली होती तिथे तिसाव्या टर्नच्या आसपास भलत्याच कुणाचा झेंडा लागलाय. नवा डाव मांडला, नकाशा बदलला, सिव्हिलायझेशन बदलली तरी परत तेच, कारण पहिल्या तीस टर्नमध्ये बांधायच्या गोष्टींचा क्रम, म्हणजे बिल्ड ऑर्डर, तोच राहतो.

खालचे आकडे स्टँडर्ड स्पीडचे आणि गॅदरिंग स्टॉर्म या विस्तार-आवृत्तीच्या नियमांचे आहेत. ऑनलाइन स्पीडवर किमती निम्म्या होतात, एपिकवर दीडपट.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एकच गोष्ट तपासा: राजधानीतून पहिला सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) कितव्या टर्नला बाहेर पडला? अठरा ते बावीसच्या दरम्यान पडला असेल तर क्रम ठीक आहे, गाडी पुढे कुठेतरी अडली आहे. बार्बेरियन (कुणाच्याच नसलेल्या टोळ्या) आणि पॉलिसी कार्डांचे (राज्याला फायदा देणारी धोरणं) भाग वाचा. तिसाच्या पुढे गेला असेल तर मूळ दुखणं इथेच आहे.

पहिला सेटलर तिसाव्या टर्ननंतर येतोय

सुरुवातीच्या किमती पाठ असायला हव्यात; त्या प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शहर दर टर्नला जेवढं काम करतं त्यात, मोजतात. स्काउट (टेहळ्या) ३०, स्लिंगर (गोफणवाला) ३५, वॉरियर ४०, बिल्डर (खाणी-शेतं करणारा) ५०, मॉन्युमेंट ६०, ग्रॅनरी ६५, पहिला सेटलर ८०. पुढचा प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग. स्टोनहेंज १८०, म्हणजे दोन सेटलर तिथेच संपले.

आता एक चांगली, पण नेहमी मिळते तशी सुरुवात घ्या. राजधानी नदीकाठी, प्लेन्स हिलवर. शहराच्या टाइलचं (नकाशावरच्या षटकोनाचं) २ फूड आणि २ प्रॉडक्शन, वर पॅलेसचं २ प्रॉडक्शन, म्हणजे काही न करता ४. शेजारी मेंढ्या असलेली ग्रासलँड हिल आहे, तिचं ३ फूड, १ प्रॉडक्शन. पहिला नागरिक तिथे. प्रत्येक नागरिक २ फूड खातो, त्यामुळे दर टर्नला ३ फूड शिल्लक आणि ५ प्रॉडक्शन. दुसऱ्या लोकसंख्येला १५ फूड लागतं. ते पाच टर्नमध्ये जमतं. दुसरा नागरिक जंगलाच्या प्लेन्स हिलवर, म्हणजे १ फूड, ३ प्रॉडक्शन. आता एकूण ८ प्रॉडक्शन.

या शहरात स्काउट सहाव्या टर्नला होतो, स्लिंगर दहाव्याला. लगेच सेटलर लावला तर तो विसाव्याला तयार. मधे सतराव्याच्या सुमाराला लोकसंख्या ३ होते, त्यामुळे सेटलरने एक माणूस नेला तरी राजधानी २ वर राहते. हिशोब ढोबळ आहे, एखाद्या टर्नचा फरक पडेल.

त्याच शहरात स्काउट, स्लिंगर, मग बिल्डर, मग मॉन्युमेंट, मग सेटलर असा क्रम लावून बघा. बिल्डर सतराव्याला, मॉन्युमेंट तेविसाव्याला, सेटलर तिसाच्या आसपास. बिल्डरने खाणी-शेतं केली म्हणून दर टर्नला एक-दोन प्रॉडक्शन वाढेल, पण दहा टर्नची तूट त्यातून भरून निघत नाही. आणि सेटलर तयार झाला म्हणजे शहर झालं असं नाही. त्याची चाल २, आणि जंगल किंवा टेकडीची टाइल दोन्ही खाते. डोंगराळ भागात पाच टाइल लांबची जागा म्हणजे पाच टर्न. विसाव्याला निघालेला सेटलर पंचविसाव्याला शहर वसवतो, तिसाव्याला निघालेला पस्तिसाव्याला. डेइटी या सगळ्यात अवघड पातळीवर एआय मुळात तीन सेटलर घेऊन सुरू होतो, त्यामुळे मधल्या या दहा टर्नमध्येच चांगल्या जागा जातात.

म्हणून नेहमीसाठी क्रम: स्काउट, स्लिंगर, सेटलर, बिल्डर, सेटलर. पँजियासारखा मोठा जमिनीचा नकाशा असेल आणि एम्परर किंवा त्याच्या खालच्या पातळीवर खेळत असाल तर स्लिंगरच्या आधी दुसरा स्काउट चालतो. छोट्या बेटावर असाल तर दुसरा स्काउट म्हणजे ३० प्रॉडक्शन पाण्यात.

बिल्डर सगळ्यात आधी बांधणारे पुष्कळ आहेत, आणि क्वचित ते बरोबरही असतं. शेत सोडलं तर बाकी जवळपास सगळ्याला टेक्नॉलॉजी लागते: खाणीला मायनिंग, कुरणाला अ‍ॅनिमल हजबंड्री, मळ्याला इरिगेशन. सुरुवातीचं सायन्स पॅलेसचं २ अधिक माणशी अर्धा, म्हणजे अडीच. २५ सायन्सचं मायनिंग यायला दहा टर्न लागतात. पाचव्या-सातव्या टर्नला बिल्डर हातात असून खाण करता येत नसेल तर तो नुसता उभा राहणार. शहराला चिकटून गहू किंवा तांदूळ दोन-तीन ठिकाणी असेल, तरच बिल्डर आधी आणण्यात अर्थ आहे.

सेटलरचं चित्र करडं दिसतंय, निवडता येत नाही

शहरात किमान दोन लोकसंख्या असल्याशिवाय सेटलर सुरूच करता येत नाही. स्काउट संपला आणि लोकसंख्या अजून १, असं झालं की बरेच जण वैतागून मॉन्युमेंट लावतात आणि ते पुरं होईपर्यंत थांबतात. थांबायची गरज नाही. या खेळात अर्धवट बांधकामावर खर्च झालेलं प्रॉडक्शन वाया जात नाही. लोकसंख्या २ झाली त्याच टर्नला शहर उघडा, सेटलर वर आणा, मॉन्युमेंट मागे ठेवा. पुढे सवडीने उरलेलं पुरं करा.

उलट अडचणही येते: लोकसंख्या २ आहे, सेटलर सुरू आहे, आणि समोर १६ टर्न दिसतात. इथे नागरिक कुठे कामाला आहेत ते बघा. खेळ स्वतःहून नेमणूक करतो तेव्हा त्याचा कल बहुतेक वेळा फूडकडे असतो. शहरावर क्लिक करा, नागरिकांच्या नेमणुकीचं बटण दाबा, म्हणजे प्रत्येक टाइलवर डोक्याचं चिन्ह दिसेल. जंगलाच्या हिलवरचं चिन्ह दाबलं की माणूस तिथे जातो आणि कुलूप लागतं. वरच्याच शहरात दोन्ही माणसं अशा १ फूड, ३ प्रॉडक्शनच्या टाइलवर बसवली तर फूड शिल्लक शून्य, पण प्रॉडक्शन १०. ८० चा सेटलर आठ टर्नमध्ये. दोघेही साध्या ग्रासलँड हिलवर असतील तर प्रॉडक्शन ६ आणि तोच सेटलर चौदा टर्न खातो. सेटलर झाल्यावर कुलपं काढायला मात्र विसरू नका. कुलूप लावलेला माणूस शेजारी चांगली टाइल मिळाली तरी जागचा हलत नाही, आणि राजधानी पुढची पंधरा टर्न २ वर अडकते.

आणखी एक कारण त्याहून आधीचं, पहिल्या टर्नचं. सपाट ग्रासलँडवर वसवलेल्या राजधानीला शहराच्या टाइलचं १ आणि पॅलेसचं २, असं ३ प्रॉडक्शन मिळतं. साध्या ग्रासलँडवर माणूस बसवला तर स्काउटलाच दहा टर्न. शेजारच्या टाइलवर प्लेन्स हिल असेल आणि पाणी सुटत नसेल तर एक टर्न खर्चून तिथे जा. ३ वरून ४ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याची वाढ, आणि ती कायमची.

पाण्याची चूक

सेटलर निवडल्यावर दिसणाऱ्या रंगांत गडद हिरवा म्हणजे गोडं पाणी, फिका हिरवा म्हणजे समुद्रकिनारा, करडा म्हणजे पाणी नाही. हाउसिंग, म्हणजे किती लोकसंख्येला जागा, अनुक्रमे ५, ३ आणि २. हाउसिंगला एक जागा उरली की वाढ निम्मी होते, जागा संपली की पाव. म्हणजे करड्या टाइलवरचं शहर एका माणसापासूनच निम्म्या वेगाने वाढतं. पहिली तीन शहरं गडद हिरव्यावरच वसवा. यात तडजोड करू नका.

बार्बेरियनांनी सेटलर पळवला, किंवा राजधानी वेढली

क्रम बरोबर असूनही डाव इथे बिघडतो, आणि अनेकांना कारणच कळत नाही. बार्बेरियनांचा हल्ला आपोआप होत नाही. आधी त्यांचा स्काउट येतो. त्याने तुमचं शहर पाहिलं की त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं. मग तो आपल्या कॅम्पकडे परत जातो, आणि तो पोचला की कॅम्पमधून टोळी निघते. घोड्यांजवळचा कॅम्प असेल तर घोडेस्वारांची. चिन्ह असलेला स्काउट परत पोचण्याआधी मेला, तर ती टोळी येत नाही.

म्हणून सुरुवातीचा वॉरियर दूर फिरायला पाठवू नये. जग बघायचं काम स्काउटचं. वॉरियर राजधानीपासून तीन-चार टाइलच्या घेऱ्यात फिरवा, शक्यतो टेकड्यांवरून, म्हणजे लांबचं दिसतं. त्याचा दुसरा फायदा असा की ज्या टाइल कुणाला दिसत असतात तिथे नवा कॅम्प उगवत नाही.

स्काउटच्या मागे वॉरियर धावला तर हाती लागत नाही; त्याची चाल ३, तुमची २. पाठलाग सोडा आणि कॅम्प कुठल्या बाजूला आहे ते ओळखून वाट अडवा. दरी, नदी आणि डोंगर यांच्यामधली अरुंद जागा मिळाली तर उत्तम. वॉरियरचा एक घाव या स्काउटला साधारण ४५ चा बसतो, स्लिंगरचा दगड ३५-३७ चा. आधी वॉरियरने दोनदा मारा आणि शेवटचा घाव स्लिंगरला ठेवा. हे महत्त्वाचं आहे: स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरी या टेक्नॉलॉजीचं युरेका (सूट) मिळतं, ५० मधले ४० टक्के सायन्स सुटतं आणि ३० च उरतं. घाईत वॉरियरनेच काम उरकलं की ही संधी गेली.

स्लिंगरला शत्रूच्या शेजारी टर्न संपवायला लावू नका. त्याचा पल्ला एकच टाइल आणि स्वतःची ताकद ५, वॉरियरची २०. मोकळ्यावर सापडला तर दोन घावांत जातो. मारायचं असेल तर मधे नदी किंवा पुढे वॉरियर असावा.

कॅम्पवर जायची घाई नको. आत स्पीअरमन बसलेला असतो, ताकद २५, वर मोर्चेबांधणीचा फायदा. एकटा वॉरियर तिथे रक्तबंबाळ होऊन परततो. वॉरियर आणि दोन स्लिंगर, किंवा एक आर्चर झाला की मग जा. कॅम्प मोडल्यावर सोनं मिळतं आणि मिलिटरी ट्रॅडिशन या सिव्हिकची (कल्चर साठवून मिळणाऱ्या पायरीची) प्रेरणाही, म्हणजे युरेकासारखीच सूट. कोड ऑफ लॉज हे पहिलं सिव्हिक झाल्यावर पहिलं लष्करी कार्ड डिसिप्लिन ठेवा; बार्बेरियनांशी लढताना ५ ची भर पडते.

सेटलर एकटा पाठवू नका, वाट दोनच टर्नची असली तरी. वॉरियर त्याच टाइलवर आणा आणि एस्कॉर्टचं बटण दाबा. मग दोघं एकत्र चालतात. पळवलेला सेटलर बार्बेरियन आपल्या कॅम्पकडे नेतात. वाटेत गाठून त्यावर चालून गेलात तर परत मिळतो, त्यामुळे सेटलर गेला म्हणून जुना सेव्ह उघडण्याआधी दोन टर्न पाठलाग करून बघा.

पहिला सेटलर वेळेत, पण पुढचे येत नाहीत

इथे पॉलिसी कार्ड आणि बिल्डर यांची सांगड बसत नसते. कॉलोनायझेशन हे कार्ड सेटलरच्या प्रॉडक्शनला ५० टक्के वाढ देतं. ८ चे १२ होतात, ८० चं काम दहाऐवजी सात टर्नमध्ये. ते कार्ड अर्ली एम्पायरमधून येतं, आणि अर्ली एम्पायरच्या आधी फॉरेन ट्रेड लागतं. पुष्कळ जण कोड ऑफ लॉजनंतर क्राफ्ट्समनशिप आणि तिथून पुढची लष्करी वाट धरतात आणि कॉलोनायझेशन पंचेचाळिसाव्या टर्नला हातात येतं, जेव्हा जागाच उरलेल्या नसतात. शेजारी शांत असेल तर कोड ऑफ लॉजनंतर सरळ फॉरेन ट्रेड, मग अर्ली एम्पायर. स्काउटने दुसरा खंड पाहिला असेल तर फॉरेन ट्रेडला सूट मिळते. म्हणूनही स्काउट आधी. अर्ली एम्पायरची प्रेरणा सगळ्या शहरांची मिळून लोकसंख्या ६ झाली की मिळते. राजधानी ४ आणि दुसरं शहर २, असं जुळवा. त्याच काळात राजधानीतून लागोपाठ दोन सेटलर काढले तर लोकसंख्या सहाच्या खाली रेंगाळते. पहिला सेटलर, मग बिल्डर, राजधानी वाढू द्या, प्रेरणा पदरात पाडा, आणि मग कार्ड लावून सेटलरची रांग. बिल्डरची जागा पहिल्या सेटलरनंतर आहे ती याचसाठी.

चीफडम या पहिल्या राज्यपद्धतीत आर्थिक कार्डाची एकच जागा असते. तिथे आधी अर्बन प्लॅनिंग, प्रत्येक शहराला १ प्रॉडक्शन. अर्ली एम्पायर पूर्ण झालं त्या टर्नला कार्ड बदलणं फुकट असतं, तेव्हाच बदला. सेटलर संपले की पुढचं सिव्हिक येईल तेव्हा परत अर्बन प्लॅनिंग किंवा बिल्डरसाठी इल्कम. गॉड-किंग या कार्डाचा मोह एकाच कारणाने परवडतो, लवकर पँथिऑन (पहिली धर्मश्रद्धा) हवं असेल तर: २५ फेथ लागतं, दर टर्नला १ मिळतं. पँथिऑनमध्ये रिलिजस सेटलमेंट्स घेतली तर एक सेटलर फुकट मिळतो, पण तो पर्याय एआयही लवकर उचलतो.

बिल्डरचे तीन हात, म्हणजे तो तीनदाच काम करू शकतो. दोन खाणी-कुरणांना वापरा, तिसरा जंगल तोडायला राखून ठेवा. मायनिंग आलं की जंगल तोडता येतं आणि या काळात साधारण २० प्रॉडक्शन एका झटक्यात मिळतं; कॉलोनायझेशन लावलेलं असताना सेटलरवर तोडलं तर त्यालाही वाढ लागू होते. जंगल गेलं म्हणून टाइल वाया गेली असं वाटतं, पण प्लेन्स हिलवर हिशोब बघा: जंगल असताना १ फूड ३ प्रॉडक्शन, तोडून खाण केल्यावर पुन्हा १ फूड ३ प्रॉडक्शन. तोडीचं प्रॉडक्शन वरकड. सपाट जमिनीवरचं जंगल मात्र असं भरून येत नाही, ते उगाच तोडू नका.

नव्या शहरात पहिलं काय? इथे मॉन्युमेंट. राजधानीत ज्याला मागे ढकललं तेच इथे पुढे, कारण या शहरात लोकसंख्या १ आहे, सेटलर निघणार नाही, आणि कल्चर व लॉयल्टी (शहराची निष्ठा) दोन्ही हवी आहे. सेटलर काढायचं काम राजधानीचं. शहर वसलं की राजधानीतल्या बिल्डरचा एखादा हात तिकडे वापरला तर फरक लगेच दिसतो. कॅम्पमधलं, गावांमधलं आणि एआयला जादा लक्झरी विकून आलेलं सोनं साठवत बसू नका. खरेदीची किंमत प्रॉडक्शनच्या चौपट असते: पहिला बिल्डर २००, मॉन्युमेंट २४०, पहिला सेटलर ३२०. यात बिल्डरची खरेदी सगळ्यात लवकर वसूल होते.

रोमने खेळत असाल तर मॉन्युमेंटचा विषयच नाही, शहर वसलं की ते फुकट येतं. तिथे सेटलरवर आणखी जोर द्या.

क्रम मोडायचा कधी

शेजाऱ्याची राजधानी आठ-दहा टाइलवर दिसली आणि अवघडपणा इमॉर्टल किंवा डेइटी असेल, तर सेटलरच्या आधी दुसरा स्लिंगर. डेइटीवर एआयकडे सुरुवातीलाच पाच वॉरियर असतात आणि लढाईत त्यांना ४ ची जादा ताकद. भेट झाली त्याच टर्नला २५ सोन्याचं शिष्टमंडळ पाठवा. नंतर नाराजी वाढली की ते घेत नाहीत. त्यांचे तीन-चार वॉरियर तुमच्या सीमेलगत येऊन उभे राहिले, व्यापारी किंवा सेटलर बरोबर नाही, तर हल्ला येतोय असं धरा. आर्चरी संपवा, स्लिंगरचे आर्चर करा, आगोगे कार्ड लावून तिसरा आर्चर बांधा आणि टेकडीवर किंवा नदीच्या अलीकडे मांडा. तीन आर्चर आणि पुढे एक वॉरियर एवढ्यावर पहिली लाट परतवता येते. बरेचदा मग त्यांचंच सगळ्यात जवळचं शहर उघडं पडतं, आणि ते घेणं सेटलर बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

डाव आधीच अडकला असेल

पन्नासावी टर्न, दोन शहरं, पण आजूबाजूला अजून तीन-चार जागा आहेत, अशा वेळी डाव सोडायची गरज नाही. वंडर चालू असेल तर थांबवा, खर्च झालेलं तसंच राहतं. अर्ली एम्पायर आणि स्टेट वर्कफोर्स दोन्ही पूर्ण करा. दोन्हींमधून गव्हर्नरची एकेक पदवी मिळते. पहिली मॅग्नस हा गव्हर्नर नेमायला, दुसरी त्याच्या प्रोव्हिजन या बढतीला. प्रोव्हिजन असलं की त्या शहरातून निघालेला सेटलर लोकसंख्या नेत नाही. शहरात रुजायला मॅग्नसला पाच टर्न लागतात, त्या पाच टर्नमध्ये एक बिल्डर काढा आणि तोडायच्या जंगलाच्या टाइलशेजारी आणून ठेवा, पण तोडू नका. मॅग्नस रुजल्यावर तोडीचं उत्पन्न ५० टक्के जास्त मिळतं. कॉलोनायझेशन लावा, सेटलर सुरू करा आणि मग एकामागून एक जंगलं तोडा. सहा-सात टर्नमध्ये दोन सेटलर बाहेर पडतात आणि राजधानीची लोकसंख्या होती तेवढीच राहते. पहिला सेटलर शेजाऱ्याच्या बाजूच्या जागेवर पाठवा, तुमच्या पाठीमागची जागा कुणी नेत नाही. दोन शहरांच्या मधे तीन टाइल सोडल्या की नियमाला पुरेसं आहे. दाटीवाटीने वसवा, कारण या टप्प्यावर सहा टाइल दूरच्या सुंदर जागेपेक्षा चार टाइलवरची नदीकाठची साधी जागा आधी वसते.